बावीस नाही, साडेपंधरा

हॅलो?… हो, नोरीनच बोलतेय. कोण?… अगं टीगन! डेअरीतून का?… आवाज का असा झालाय तुझा?

क्लॅरी?… तसाच आहे गं. उजवी बाजू गेली ती गेलीच. वाचाही नाही. त्याला किती समजतं, ते बर्नीच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आत्ता इथेच बसलाय, माझ्या शेजारी, खिडकीशी.

काय?… त्याला विचारायचंय?… अगं टीगन, विचारून काय उपयोग? शनिवारी मित्र येतात, टीव्हीवर फुटबॉलची मॅच लावतात, आणि त्याच्या डोक्यावरून माझ्याशी, बायकोशीच बोलतात. जेवला का, झोप लागते का. मी सांगते काय ते…

हो, हो… अगं ऐक ना, रडू नकोस. मला सांग, काय झालं?… दूध गार करायचं नवं यंत्र. बरं… तुझ्या साहेबाला, डॅरेलला दुपारच्या आत तुझी सही हवी. मग उद्यापासून सगळं दूध त्यातून जाणार… मग अडतंय कुठे?… विकणाऱ्यांनी हिशोब करून दिलाय, पण तुझं मन घेत नाही.

थांब, सावकाश सांग. मोठ्यानं म्हणत जाते, म्हणजे डोक्यात शिरेल माझ्या. एका टोकाला गरम दूध आत येतं. तिथे दूध आणि गार पाणी यांच्यात फरक चाळीस अंशांचा… हं. दुसऱ्या टोकाला दूध गार होऊन बाहेर पडतं, तिथे फरक उरतो चार. चाळीस आणि चार, चव्वेचाळीस, त्याचे निम्मे बावीस. त्या बावीसवर यंत्रात दूध गार करणाऱ्या प्लेटा किती बसवायच्या ते ठरवलं… बरोबरच आहे की गं! शाळेत सरासरी अशीच…

काय म्हणतेस?… डेअरीत असताना क्लॅरी कधीच असं निम्मं करायचा नाही?… मग कसं करायचा?… ते तुला शिकवायच्या आतच झटका येऊन पडला बिचारा.

एक मिनिट हं… क्लॅरी! काय रे हे? सगळा चहा सांडलास… नाही गं, काही नाही, कप ढकलला त्यानं… टीगन, चुकून नाही ढकलला. माझ्याकडे बघतोय. असं त्यानं कधी… क्लॅरी, बावीस म्हटलं म्हणून?… हात दाबला माझा! डावा हात, घट्ट! बावीस चूक आहे?… परत दाबला. टीगन, चूक आहे म्हणतोय तो!

अगं हो, विचारते, विचारते. क्लॅरी, मग कसं रे?… बोटानं काहीतरी काढतोय मांडीवरच्या चादरीवर… रेघ. सरळ नाही, वाकडी. वरून घसरगुंडीसारखी झपकन खाली येते, आणि मग लांबपर्यंत जवळजवळ सपाट… हो, पुन्हा तशीच काढतोय. पोट खाली गेलेली रेघ.

काय?… लॉग? शाळेतल्या लॉगच्या टेबलातलं?… क्लॅरी, लॉगची सरासरी, असं म्हणतेय ती… दाबला. दाबला गं!

सांग, सांग, मी म्हणत जाते. फरक सुरुवातीलाच भराभर उतरतो, आणि पुढे बराच वेळ थोडासाच उरतो… म्हणून मधला आकडा बावीसच्या खाली. चाळीसातून चार गेले, छत्तीस. चाळीस म्हणजे चारच्या दहापट, त्या दहाचा लॉग… शाळेतल्या टेबलातला एक नाही, नैसर्गिक लॉग, दोन पूर्णांक तीन. छत्तीसला त्यानं भागायचं… साडेपंधराच्या जरा वर. क्लॅरी, साडेपंधरा?… हो म्हणतोय.

आकडा लहान, म्हणजे प्लेटा जास्त लागणार… मग ठरवलेल्या कमी पडतात का?… बऱ्याच कमी? आणि दूध कोमटच टाकीत जाणार… अगबाई. पोरंबाळं पितात ते दूध… नाही, नाही, सही करायची नाहीस तू. डॅरेल ओरडेल तर ओरडू दे. क्लॅरीचं नाव सांग. नाव घेतलं तर चालेल ना रे?… चालेल म्हणतोय.

आभार माझे कसले मानतेस, टीगन? मी तर तुला म्हणत होते, विचारून उपयोग नाही… अख्खा हिवाळा या घरात त्याला कुणी काही विचारलं नाही गं. मीसुद्धा नाही. भूक लागली असेल म्हणून टोस्ट भरवायचा, गार वाटत असेल म्हणून पांघरायचं. सगळं माझंच मी ठरवून…

हो, ठीक आहे मी… बरं, जा तू. जा डॅरेलकडे… आणि उद्या फोन कर. यंत्राचं कर, कशाचंही कर, पण त्याला विचार. मी काय, मध्ये नुसती…

थांब, थांब, ठेवू नकोस! हात पुढे केलाय त्यानं… फोन मागतोय… माहितीये गं, बोलता येत नाही. तरी मागतोय.

घे रे, क्लॅरी. तुझाच फोन आहे.