फोनघर बंद आहे

ताई : नाही म्हणजे नाही, हवालदार. कुलूप मी लावलंय आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. टक लावून बघितलं म्हणून दार काही उघडणार नाही.

हवालदार : चार वाजता माझी फोनची पाळी आहे, ताई. पंधरा दिवसांनी आलीय. वहीत बघा.

ताई : वही मीच लिहिते, बघायचंय काय त्यात? बाहेरची पाटी वाचलीत ना?

हवालदार : वाचली. ‘लाइन नादुरुस्त.’ या देशात येऊन चार महिने झाले, ही पाटी तिसऱ्यांदा लागली. आता पोरं ती वाचली की कुणीतरी गेलं हे ओळखून टोप्या काढतात.

काका : टोप्या काढतात आणि माझ्या कँटीनमध्ये येऊन बसतात. सकाळपासून चार पातेली चहा संपला. पत्त्यांना कुणी हात लावत नाही. सिनेमा लावला, तर हॉलमध्ये मी आणि मशीनवाला. हसायच्या जागी आम्हीच एकमेकांकडे बघून हसलो, झालं.

ताई : काका, त्यांना आधी एक कप द्या.

काका : घ्या. साखर जास्त घातलीय.

हवालदार : ताई, पंधरा मिनिटं नकोत मला. अर्धं मिनिट द्या.

ताई : ‘मी ठीक आहे’ एवढंच सांगायला ना? सगळ्यांना तेवढंच सांगायचं असतं हो. तुमच्या पलटणीची घरं एकाच वसाहतीत. आज एका घरात फोन वाजला की या घरचा वाचला, हे सगळ्यांना कळतं. मग ज्या घरात वाजला नाही, तिथल्या बाईनं काय समजायचं? अधिकारी जाऊन रीतसर सांगेपर्यंत एकही फोन नाही. नियम माझा नाही, पण तो मला पटलाय.

हवालदार : मला माझं काही सांगायचंच नाही. कोण गेलंय ते मला ठाऊक आहे. मीच उचलून आणलं त्याला.

काका : अरेरे. कोण हो?

हवालदार : आमचा ड्रायव्हर. घरी माझ्या शेजारीच राहतो. बायकोला सातवा महिना. आई-वडील दूर गावाला, घरात ती एकटी. अधिकारी दारात उभे राहतील, कागद वाचतील, सलाम करतील. तेव्हा माझी बायको तिच्याजवळ असावी, एवढंच. ‘हातातलं काम टाक आणि शेजारी जाऊन बस.’ कारण सांगणार नाही.

ताई : अधिकाऱ्यांबरोबर एक बाई असते.

हवालदार : परकी बाई, ताई. तिला पाण्याचा तांब्या कुठे आहे तेसुद्धा माहीत नसणार.

ताई : आणि तुमची बायको कारण न विचारता जाईल? चेहरा कोरा ठेवून बसेल?

हवालदार : नाही. तिला काही लपवता येत नाही. लग्न ठरलं तेव्हासुद्धा आधी सगळ्या गल्लीला कळलं, मग मला.

ताई : मग ते सगळं तिच्याच तोंडून कळणार.

काका : ताई, देऊन टाका की. मी तोंडाला कुलूप लावतो.

ताई : काका, तुम्ही मागच्या तळावर नव्हता. तिथे मी एका कारकुनाला असाच फोन दिला होता. मुलीचा वाढदिवस होता. म्हटलं, दोन मिनिटांत काय आभाळ कोसळणार आहे? त्याची बायको आनंदानं खिडकीतूनच ओरडली, ‘आमचा फोन आला गं, तुमचा आला का?’ समोरच्या घरातली बाई त्यानंतर दिवसभर फोनपाशी बसून राहिली. अधिकारी संध्याकाळी पोचले. नंतर तिनं मला पत्र पाठवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं एवढंच लिहिलं होतं, ‘त्या दिवशी सकाळपासून मी रडूही शकले नाही.’

हवालदार : हं.

ताई : मला इथे तुमची करमणूक करायला पाठवलंय. बॅडमिंटनची जाळी, मासिकं, गाण्याचे कार्यक्रम. निघताना मी आईला सांगितलं होतं, मजेचं काम आहे. आता कंटाळले मी, हवालदार. तुम्हाला ‘नाही’ म्हणताना मला काय होतंय ते माझं मला माहीत. पण नाही.

हवालदार : बसतो मग इथेच.

ताई : बसा. मीही बसते.

(तास उलटतो. तिघेही बंद दारासमोरच्या बाकावर. ताईच्या टेबलावरचा फोन वाजतो. ती ऐकते, ‘बरं’ म्हणते, ठेवते.)

ताई : त्याच्या घरी सांगून झालं. अर्धा तास झाला म्हणे.

काका : पोरांना हाक मारू?

ताई : थांबा जरा. आधी हे बोलतील. चला हवालदार, उघडलंय.

हवालदार : आता काय बोलू? अर्ध्या मिनिटाचं पाठ करून आलो होतो, ते आता उपयोगाचं नाही.

ताई : तोंडात येईल ते बोला. नुसता आवाज ऐकू दे तिला.

हवालदार : लागला... वाजतोय.

काका : उचलला?

हवालदार : नाही. वाजतोच आहे. माझ्या पाळीच्या दिवशी ती फोनपासून हलत नाही हो. दूध उतू गेलं तरी उठत नाही.

काका : परत लावून बघा. चुकला असेल नंबर.

हवालदार : नंबर बरोबर आहे. ती घरात नाही.

ताई : न सांगताच गेली म्हणजे.

हवालदार : हो.

ताई : वाजू द्या अजून थोडा. ऐकून येईल धावत.

हवालदार : नको, ताई. ठेवतो. भिंतीपलीकडे त्या पोरीलाही ऐकू जात असेल.