जास्तीचे पाच दिवस

चारुदत्त : ...आणि तिथे काही करायचंच नसतं, छाया. जहाजावरून उतरलो की काचेच्या छताची ट्रेन. मग जंगलातलं लाकडी लॉज. खिडकीत बसायचं, कॉफी प्यायची. अस्वल आलं तर बघायचं, नाही आलं तर झोपायचं.

छाया : पाच दिवस?

चारुदत्त : पाचच. क्रूझचे सात दिवस कंपनीकडून, पाण्याचे पंप विकल्याचं बक्षीस. आता अलास्कापर्यंत जाऊन लगेच मागे फिरायचं म्हणजे... ट्रॅव्हलवाला हारुन बुकिंग धरून बसलाय. शुक्रवारची सुट्टी असून ऑफिस उघडलंय बिचाऱ्याने. आता करेलच फोन.

छाया : सात दिवसांना मी हो म्हणाले. कशी म्हणाले ते माझं मला माहीत.

चारुदत्त : बक्षीस दोघांचंच आहे, ईशानीला जहाजावर घेत नाहीत, त्याला मी काय करू? आणि आई मुंबईहून दुबईला तेवढ्यासाठीच आलीय ना?

छाया : आई आहेत म्हणून तर सात. तिकडे पंपाने दूध काढत राहीन, आल्यावर परत पाजेन. बारा दिवस नाही टिकायचं रे ते.

चारुदत्त : अगं, आपण पंपवालेच. कंपनीच्या रास अल खोरच्या गोडाऊनमधून एक दणकट बघून नेऊ.

छाया : हसवू नकोस मला. मी भांडतेय.

सासूबाई : चारू, हळू. आत्ता कुठे डोळा लागलाय पोरीचा. काय चाललंय?

छाया : तुमच्या मुलाला अजून पाच दिवस हवेत, आई.

सासूबाई : मग जा की. चौदा महिन्यांची झाली, दात आले, वरणभात खाते. बारा दिवसांत अंगावरचं सुटेल आपसूक. कडुनिंब लाव, कोरफड लाव, काही नको. मी नि चारूने तेच तर ठरवलं...

चारुदत्त : आई.

छाया : काय ठरवलं?

चारुदत्त : ठरवलं वगैरे नाही. वर्षभरात तू सलग तीन तास झोपली नाहीयेस. डॉक्टर सांगून थकला, तुझ्याच्याने बंद होत नाही. म्हटलं, लांब गेलीस की आपोआप...

छाया : आणि मला कधी सांगणार होतास? अस्वल दाखवून झाल्यावर?

चारुदत्त : तुला जायचंय, छाया. तिला पाजताना तूच ते ब्रोशर उघडून बसतेस. मी बघतो ना.

छाया : जायचंयच. जूनमध्ये इथे अल कुसैसला खिडकी उघडता येत नाही, एसीचा घरघराट ऐकून कान किटलेत. जावंसं नाही वाटणार? पण बंद कधी करायचं ते मी ठरवणार होते. शेवटचं पाजताना मला माहीत असायला हवं, की हे शेवटचं.

सासूबाई : काही होत नाही गं. चारू एवढाच होता, तेव्हा मला माझ्या सासूने माहेरी पाठवलं, चिपळूणला. परत आले तर हा मांडीवर चढला आणि पोळी मागितली. पदराला हात लावला नाही. साफ विसरला होता.

छाया : आणि तुम्ही?

सासूबाई : मी काय?

छाया : तुम्ही विसरलात?

(सासूबाई कोरडेच हात पुन्हा पदराला पुसतात.)

सासूबाई : दूध आटावं म्हणून मोगऱ्याच्या कळ्या बांधल्या होत्या छातीवर. तशी पद्धत. चोळी भिजायची, घरभर वास. पुढे कुणी गजरा आणला की मी शेजारणीला देऊन टाकायचे.

चारुदत्त : मला वाटायचं, त्या वासाने तुझं डोकं दुखतं.

सासूबाई : सगळ्यांना तसंच सांगायचे. फोन वाजतोय बघ. उचल, पोर उठेल.

चारुदत्त : छाया, काय सांगू?

छाया : सातच. तिकडे मन लागणार नाही माझं. इकडेही लागत नाहीये, ते वेगळं.

चारुदत्त : हॅलो... हां, हारुनभाई. वो जंगलवाला पार्ट खलास करो. सात दिन, फिर सीधा दुबई... अरे नहीं, बच्ची की तबीयत ठीक है. वो तो रह लेगी.