मिरचीच्या सातऱ्यावरचं पाळणाघर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती धम्मानंद गजभिये सर, सरितावहिनी, आणि बाहेर भज्यांचा वास सुटलेला असूनही खुर्च्या धरून बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो, नमस्कार, जय भीम.

मी विश्वनाथ बोरकुटे. योजना गरजूंपर्यंत पोचली की नाही, हे गावोगाव जाऊन तपासणं हे आपल्या संस्थेचं काम, आणि सरांच्या शेजारचं टेबल माझं. सूत्रसंचालक श्वेता मॅडम मघाशी म्हणाल्या, "विश्वनाथजी, थोडं हलकंफुलकं बोला." बोललो असतो हो. पण आज सकाळपासून हलकं काही सुचतच नाहीये. का, ते ओघात येईलच.

आपली गावातली सभा कशी होते, हे मी आपल्याला काय सांगावं? सकाळी अकराची वेळ, ग्रामपंचायतीचं सभागृह, मागे बॅनर, पुढे पाण्याच्या बाटल्या. सरपंच येतात, त्यांच्यासोबत चार रिकामे बाप्ये येतात. फोटो निघतो. बॅनरवर 'सर्वसमावेशक सभा' असं छापलेलं असतं, म्हणजे सगळ्यांचा समावेश झालाच! बरोबर ना?

सर मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला चालू लागायचे. मी वैतागायचो, "सर, काहून ऊन खाता? सभा तं इकडं हाय ना!" ते म्हणायचे, "ज्यायच्यासाठी योजना हाय, ते इथं दिसून राहिले का तुले?" मग मीही त्यांच्या मागोमाग निघायचो. आणि त्यांची एक खोड होती. सगळं विचारून झालं की समोरच्या माणसाला म्हणायचे, "आता तुम्ही मले एक प्रश्न विचारा." त्यात जेवणाची वेळ टळायची. वहिनी, घरीही असंच असेल तर आपल्याला माझा नमस्कार.

भिवापूरकडच्या एका गावात असेच आम्ही मिरचीच्या सातऱ्यावर पोचलो. सातरा म्हणजे उघडं मैदान, त्यात निवडायला लाल मिरची पसरलेली, आणि तोंडाला पदर बांधून देठं तोडत बसलेल्या बाया. मी शिंकून शिंकून बेजार. अन् त्या तिखटात लेकरं! मजूर बायांच्या लेकरांसाठी गावात पाळणाघर होतं, पण ते ग्रामपंचायतीशेजारी, आणि ओस पडलेलं. देठं तोडणाऱ्या बायांत देवकीताई होत्या, सरांनी त्यांना कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "साहेब, आमचं काम उजाडताच सुरू होते. पाळणाघर उघडते दहाले. तवरिक लेकरू कोन धरन? म्हनून माह्या काजलची शाळा सोडवली." काजल म्हणजे त्यांची थोरली. धाकट्या आयुषला कडेवर घेऊन ती पोर दिवसभर तिथंच उभी असायची.

सर भांडले. किती भांडले, ते अध्यक्ष महोदयांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. शेवटी पाळणाघर सातऱ्याला लागून असलेल्या शेडमध्ये आलं, उजाडताच उघडू लागलं. काजल शाळेत गेली.

पुढची तपासणी आली, तेव्हा सर निवृत्तीला आले म्हणून त्यांना पाठवलं नाही. दुसरं पथक गेलं. अकरा वाजता, बॅनर लावून. आया सगळ्या सातऱ्यावर. सभेतले बाप्ये म्हणाले, "बायाच पाहतेत लेकरं, पाळनाघर कायले पायजे?" झाला अहवाल: मागणी नाही. सरांनी हरकत घेतली, सातऱ्यावर बसून आयांचं म्हणणं पुन्हा लिहून आणलं. वरून उत्तर आलं की बॅनर आणि फोटोशिवाय घेतलेली सभा ग्राह्य धरता येत नाही. आता हसावं की रडावं, सांगा.

आज सकाळी आदेश आला. पाळणाघर उद्यापासून बंद. मला बजावलं गेलं की शाल-श्रीफळ होईपर्यंत सरांना सांगू नका, कार्यक्रमाचा विरस होईल. सर, मला माफ करा. मला नाही राहवलं.

कारण आपल्या प्रथेप्रमाणे आज एक लाभार्थी सरांना गुच्छ देणार आहे. तिसऱ्या रांगेत देवकीताई बसल्या आहेत, मांडीवर आयुष. पाळणाघराबद्दल दोन शब्द आभाराचे बोला, असं त्यांना शिकवून आणलंय. व्यासपीठावर सर सोडून सगळ्यांना ठाऊक, आणि जिला ठाऊकच नाही, अशा बाईकडून आभार मानून घ्यायचे? माझ्यानं ते पाहवलं नसतं, अध्यक्ष साहेब.

ताई, तुम्ही ऐकलं ते खरं आहे. नाही, बसू नका, उभ्याच राहा. श्वेता मॅडम, असू द्या, वेळ झाला हे मला दिसतंय. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. सर, तुम्हाला आणि वहिनींना उदंड आयुष्य लाभो. निरोपाच्या दिवशी नको ते बोललो असेन तर मोठ्या मनानं पोटात घाला. फक्त जाता जाता सरांची ती खोड एकदा पाळतो.

ताई, आता तुम्ही एक प्रश्न विचारा.

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल म्हणून मी सांगतो. ताई विचारून राहिल्या, "मंग उद्या काजलनं शाळेत जावं का नाई?"

अध्यक्ष महोदय, माईक आपल्याकडे देतो.