खुणेपुरता श्वास

ओढा. अजून जोर लावा. घाबरू नका, निखळत नाही ते, मी केलंय ते दार — हां, आता बसलं. आता सांगा, बाहेरचं काही ऐकू येतंय? समोर रस्ता आहे, गाड्या चालल्यात, वरच्या मजल्यावरची बाई दिवसभर कोणावर तरी खेकसत असते. काही नाही ना? दोन फळ्या आहेत, मधे जुन्या गाद्यांचा कापूस ठासून भरलाय, कडेनं रबर. चॅनेलमध्येसुद्धा असं दार नाही म्हणायचा आमचा मुलगा. बसा. त्या खुर्चीवर नको, ती त्याची. स्टूल घ्या. त्याच्यासाठी आलोय म्हणालात दारात — त्याच्यासाठी नाही आलात तुम्ही, त्याच्या डबीसाठी आलात. माहीत आहे मला. माणूस कशासाठी आलाय ते त्याची नजर कुठे फिरते त्यावरून कळतं, आणि तुमची आल्यापासून त्या कपाटावर आहे. तिथेच आहे डबी, त्याचे सगळे आवाज साठवलेली. कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात. घाई नको.

त्याचं काम नेमकं काय, हे मला कधी लोकांना नीट सांगता आलं नाही. मुलगा काय करतो? टीव्हीत आहे. कधी दिसला नाही तो. दिसणार कसा, तो ऐकू येतो. नवी मालिका यायच्या आधी तिची जाहिरात लागते — प्रोमो म्हणता तुम्ही — चेहरे येतात, कोणीतरी कोणाच्या थोबाडीत मारतं, एक माणूस घशातून बोलतो, सोमवारपासून रात्री आठ वाजता — त्याच्या खालचं संगीत याचं, आणि संगीताच्या मधलं ते धाड, ते सूंऽऽ करून अंगावर येणारं, तेही याचंच. अर्ध्या मिनिटाचं काम. मी म्हटलं, अर्ध्या मिनिटात माझा एक खिळा सरळ बसत नाही, तू त्यावर पोट भरणार? तर म्हणाला, बाबा, तुमचा खिळा तरी कोण बघतं, खुर्ची मोडत नाही म्हणून बसतात लोक. उत्तर तयार असायचं. आईवर गेला होता.

वायरी गुंडाळण्यापासून सुरुवात केली. एका डबिंगच्या ठिकाणी वायरी गुंडाळायच्या, नट-नट्यांना पाणी द्यायचं, आणि सगळे जेवायला गेले की बटणं दाबून बघायची. मला वाटलं, महिन्याभरात परत येईल, रंधा धरेल. नाही आला. मग एकदा माझ्या कामाच्या जागी आला, हातात हा एवढासा माईक, म्हणाला, जाड फळीवर हातोडा मारा, सावकाश, तीनदा. मारला. ते तीन ठोके बातम्यांच्या आधी वाजायला लागले — ऐकले असतील तुम्ही, सगळ्यांनी ऐकलेत. त्यानंतर रंधा. भुताच्या मालिकेची जाहिरात होती, त्यात ते सर्रर् करून पडदा फाडत जातं ना काहीतरी — तो माझा रंधा आहे, उलटा वाजवलेला. म्हणायचा, बाबा, तुमच्या रंध्याला घाबरून पोरं पांघरुणात शिरतायत. ही हसायची. ही म्हणजे त्याची आई. मी नाही हसलो. पण भुताची जाहिरात लागली की मी पेपर खाली ठेवायचो, एवढं खरं.

नाव मात्र कुठे नाही. आधीच अर्धं मिनिट, त्यात नाव कुठे टाकणार. ती फळीवरची काचेची ढाल बघा, ती मिळाली होती एकदा, ती घ्यायला गेला तर त्याला दारातच अडवलं, आमंत्रण कुठे म्हणून. आणि तुमचे ते मोठे लोक — तुम्ही नाही, तुमच्या वरचे — फोनवर काय सांगायचे, दुःखी करा पण उत्साही. आता हे कसं करायचं? मी त्याला म्हटलं, गिऱ्हाईकानं मला सांगितलं की टेबल गोल करा पण चौकोनी, तर मी त्याला रस्ता दाखवीन. हा दाखवायचा नाही. इथेच बसायचा, त्या खुर्चीत, पाठीला पोक आलं, केस पिकले, ऊन म्हणून पाहिलं नाही. सकाळी दिलेलं दुपारी परत, दुपारी बदललेलं संध्याकाळी परत, आणि शेवटी पहिलंच बरं होतं म्हणून तेच लावायचे. लग्न केलं नाही. कोण देणार मुलगी, दिवसभर एकाच दाराचं आपटणं ऐकत बसणाऱ्याला.

तर हिचं. हिला छातीचा त्रास होता. ही काम करताना गुणगुणायची — गाणं असं नाही, शब्द नाहीत, सूर धड नाही, नुसतं आपलं चालू. मी कितीदा म्हटलं, बंद कर ते. त्याला ते हवं होतं. कुठल्या जाहिरातीसाठी नाही, आपल्यासाठी. म्हणून त्यानं आवाज टिपणारं एक छोटं यंत्र हिच्या खिडकीत ठेवलं, पडद्याआड, तिला कळू नये म्हणून. कळलं की ती गप्प बसली असती. मग ही अंथरुणाला खिळली, यंत्र राहिलं तिथेच. श्वास असा — वर चढायचा, मधेच तुटायचा, पुन्हा चढायचा. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. शेवटच्या दिवशी खोलीत ही गर्दी. तिची बहीण, शेजारचे, तो. मी सगळ्यांना बाहेर काढलं. त्यालाही. दार लावून घेतलं आणि बसलो तिच्याजवळ. संपलं तेव्हा दार उघडून सांगितलं, संपलं. तिची बहीण आजही म्हणते, यांच्या डोळ्यांतून टिपूस नाही आलं. खरं आहे. नाही आलं. माझा बाप गेला तेव्हाही नाही. कोणीतरी उभं राहायला लागतं ना.

त्यानंतर तुमची ती मालिका. न्हाव्याकडे बसलो होतो, अर्ध्या गालाला साबण, समोर टीव्ही. जाहिरात लागली — अंधारी खिडकी, त्या नटीचा चेहरा, संगीत नाही, काही नाही, फक्त एक श्वास. वर चढतो. तुटतो. पुन्हा चढतो, आणि थांबतो. मग धाड, मग सोमवारपासून. न्हावी म्हणाला, काय जबरदस्त केलंय, काटा येतो. मी तसाच उठलो. साबण तसाच. उभा जन्म त्या श्वासाशेजारी झोपलोय मी, मला शिकवणार कोण? घरी आलो, हा इथेच बसलेला. विचारलं, तो श्वास आईचा का? तो बघतच राहिला माझ्याकडे. गालावरच्या साबणाकडे बघत होता की काय कोण जाणे. मग त्यानं ते तुमच्या धंद्यातलं सांगितलं — एखादा आवाज अजून यायचा असला की त्याची जागा धरायला दुसरा काहीतरी ठेवतात, खुणेपुरता. नटी येऊन तो श्वास देणार होती. तोवर खूण. नटी आलीच नाही, तारीख पुढे सरकेना, आणि वर कोणीतरी ऐकून म्हणालं, हेच जाऊ दे, हात लावू नका. गेलं. तुम्हीच होतात का ते वरचं कोणी? नाही? बरं.

मी म्हटलं, खुणेपुरती तुला हीच सापडली? मेलेल्या बाईचा श्वास? म्हणाला, बाबा, मी ते रोज ऐकत होतो, हाताशी तेच होतं. मी म्हटलं, हो की नाही एवढंच बोल, आईचा आहे ना? म्हणाला, बाबा, तो तर — मग म्हणाला, हो. आईचा.

तर मी सांगितलं, या घरात तुझा आवाज पुन्हा नको. गेला. काही नेलं नाही. यंत्रं, ढाल, सगळं इथे टाकून गेला. काम पण सोडलं म्हणे. कुठे आहे आता — नको, नका सांगू, मी विचारलं नाही. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात? असू दे. आवाज न करता करायचं काम आहे, बरं आहे.

काय म्हणालात? मालिकेचं पुढचं पर्व. आणि तोच श्वास हवा, पण खालचं धाड नको, मूळ हवं, सुटं. त्यानं काय सांगितलं तुम्हाला? वडिलांना विचारा, ते देतील तर घ्या. हं. पैशांचं बोलू नका, त्या खिशातून हात काढा. देईन. देणार नसतो तर पायरी चढू दिली नसती. पण आधी मला ऐकवायचं. सगळं, पहिल्यापासून. मला ही बटणं कळत नाहीत, आणि दुसऱ्या कोणाला घरात बोलावून हे सांगू कसं? तिचे फोटो आहेत माझ्याकडे. लग्नातला आहे, रेशनकार्डावरचा आहे. आवाज नाही. ते गुणगुणणं या डबीत असलं पाहिजे, त्यासाठीच ठेवलं होतं ना त्यानं. ते ऐकवा, आणि मग घेऊन जा, तुमच्या पर्वाला लावा, काय करायचं ते करा. ही घ्या किल्ली. डावीकडे वळवा.

लागलं? कानाला नको, मोठ्यानं लावा. बाहेर जात नाही.

हां. भांडी आहेत ही. तीच. तीच आहे. बघा, सूर धड आहे का — नाही ना? म्हटलं नव्हतं? वाजू दे. वाजू दे हो, पुढे कशाला नेताय. असंच करायची दिवसभर, डोकं उठायचं माणसाचं. थांबलं का? तुम्ही थांबवलंत? तीच थांबली. हो, खोकला आला तिला, मग थांबायची.

आता हे काय? माणसं आहेत. ही तिची बहीण बोलतेय, म्हणजे तो दिवस. चालू राहिलं होतं तर हे. — मी आहे तो. ‘बाहेर व्हा सगळे.’ माझा आवाज असा आहे? दार. दार लावलं मी. खुर्ची करकरली, ती माझी खुर्ची, डावा पाय अजून तसाच आहे. आता लक्ष देऊन ऐका, आता येईल. — हा तिचा श्वास, मागे, बारीक. ऐकताय? किती हळू चाललाय. सरळ चाललाय. तुटत नाही कुठे. शेवटी शांत झाला होता, हो, आता आठवलं, औषध दिलं होतं, झोपली होती ती. मग तुटला कधी?

हा कोणाचा?

नाही, हा जवळचा. तिचा मागे चालूच आहे, बघा, दोन आहेत. हा वर चढतोय — तुटला — हाच. हाच तो. पण जाड आहे. तुमच्या जाहिरातीतला बारीक होता, बाईचा होता. काय? वर चढवतात? नटीच्या चेहऱ्याला बसावा म्हणून आवाज वर चढवतात, की बाईचा वाटतो. असं.

खोलीत तर दुसरं कोणी नव्हतं, ती आणि मी. सगळ्यांना बाहेर काढलं होतं.

बंद करा. बंद करा म्हटलं ना.

माझ्याकडे काय बघताय? तोही असाच बघत होता, तुमच्यासारखा, साबणाकडे. तोंडात आलेलं गिळलं त्यानं. हो म्हणाला. आईचा म्हणाला. मूर्ख. त्याला वाटलं, बापाला हे ऐकवण्यापेक्षा — जाऊ दे. न्हाव्याच्या दुकानात, चहाच्या टपरीवर, घराघरात, रोज रात्री आठच्या आधी, आणि काटा येतो म्हणे लोकांना. उठा तुम्ही.

नाही, डबी नाही मिळणार. दिली म्हणालो होतो, आता नाही देत. तुमच्या वरच्यांना सांगा, म्हातारा विचित्र आहे. नटीला बोलवा, तिला पगार कशाचा देता? आणि कोणी विचारलं तर आवाज त्याच्या आईचाच होता. त्यालाही भेटलात तर हेच सांगा — वडील म्हणाले, आईचाच. त्याला कळेल. कळलं तर येईल, नाही कळलं तर नाही. मी निरोप देत नाही हा, तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं. तुम्ही काही ऐकलं नाही इथे. बूट बाहेर आहेत तुमचे.

थांबा. ते जिथे थांबवलंत तिथून परत सुरू कसं करायचं? हे, हिरवं? एवढंच?

बरं. आता जा. दार बाहेरून ओढून घ्या, जोरात, मघाशी ओढलंत तसं. नीट बसलं पाहिजे. आतलं बाहेर जाता कामा नये.