बारावरची खूण

(नाशिक. रविवार कारंजाजवळ आल्हाद यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुपार. काउंटरवर दोन घड्याळं, एक जुनं, एक नवं. समोर शेवंती पिकवणारे फकिरा आणि त्यांची बायको गोजराबाई.)

फकिरा : डोळ्यांचं मागाहून बघू. आधी घड्याळ बघा. लबाडी ह्याच्यात हाय.

गोजराबाई : घड्याळ कशापायी लबाडी करंल? डोळ्यांच्या डाक्टरकडं चला म्हणलं, तर मला हितं घेऊन आले.

आल्हाद : मावशी, बसा आधी. काका, झालं काय ते तरी सांगा.

गोजराबाई : मी सांगते. सोमवारी ह्यांनी मला हलवून उठवलं. साडेचार झाले म्हणे. डोक्याला बॅटऱ्या बांधून दोघांनी शेवंती खुडली, क्रेट भरले, टेंपोत टाकले. मी आपली म्हणतेय, आवो, शुक्राची चांदणी नाय उगवली अजून.

फकिरा : ढग व्हतं.

गोजराबाई : ढग नव्हतं! फुलबाजारात पोचलो तर चिटपाखरू नाय. वॉचमन म्हणला, काका, अजून आजचीच तारीख चालू हाय. बारा वाजायचे व्हते, भाऊ! हसा, तुमी पण हसा. सगळी वस्ती हसली.

आल्हाद : नाही हो, हसत नाही. खोकला आला.

फकिरा : हसण्यावारी गेलं असतं तर परवडलं असतं. दुसऱ्या दिशी गाडीची किल्ली गायब. आमचं पोरगं, ज्ञानेश, त्यानं काढून घेतली. इचारलं तर खाली मान घालून म्हणतो, दादा, डोळे दाखवा, मग मिळंल. आता आमची फुलं दुसऱ्याच्या गाडीत जात्यात आन् मी बांधावर हात हालवत उभा. जलमभर पहाटंचा टाइम आख्ख्या वस्तीला म्या सांगितला. मला लागलं ते. त्या दिसापासून पोराशी बोललो नाय.

आल्हाद : म्हणजे डोळ्यांचा खटला घड्याळाच्या कोर्टात आलाय. बघू. हे नवं कोणी घेतलं?

फकिरा : त्यानंच. दिवाळीला. जुनं लग्नातलं, हिच्या बापानं दिलेलं. त्याचं रेडियम मेलं.

आल्हाद : मरणारच. जुना माल आपल्या आपण उजळायचा आणि वर्षं गेली की थकायचा. हे उघडायचं नाही, खरवडायचंही नाही, जुनं रेडियम अंगाला चांगलं नसतं. पण काम बघा काय सुबक आहे! डायलवर वरून हातानं ठिपके दिलेत. भिंगातून बघा, फुगीर दिसतात.

फकिरा : दिसत्यात. एकाचा टवका उडालाय. चारच्या.

आल्हाद : बरोबर. टवका दिसला, म्हणजे डोळा अजून कामाचा आहे.

गोजराबाई : दिवसा दिसतंच वो त्यांना. अंधारातलं बोला.

आल्हाद : अंधारही करू, माझ्याकडे काळं फडकं आहे. तुमच्या नव्याची तऱ्हा वेगळी. कुणी ठिपका वरून लावतं, कुणी बारीक बारीक वाट्या चिकटवून त्यांत माल भरतं. आणि ह्याच्यात दोन चकत्या आहेत. खालची सगळी उजळणारी, वरच्या काळीला बारा खाचा पाडलेल्या. उजेड खालून खाचांतून वर येतो. मला विचाराल तर सगळ्यांत देखणं हेच.

फकिरा : म्हणून आकडे खोल दिसत्यात व्हय. इहिरीत चांदणं पडल्यागत.

आल्हाद : आता ह्याला जरा बॅटरी दाखवतो, म्हणजे पोटभर उजेड खाईल. झालं. काका, रात्री कुठे ठेवता हे?

फकिरा : उशाशी. पर त्या राती नव्हतं. नळावर हातपाय धुतले, तिथंच राहिलं. जागा झालो तवा भितीवर खिळ्याला दिसलं. पडल्या पडल्या बघितलं आन् घाईत तिथंच ठेवून निघालो.

आल्हाद : खिळ्याला कोणी अडकवलं?

गोजराबाई : मी. नळाखाली भिजत पडलं व्हतं. उचललं, पदराला पुसलं आन् टांगलं.

आल्हाद : कसं टांगलंत? बकलाला धरून?

गोजराबाई : बक्कल कशाला? पट्ट्याला भोकं हायेत की. भोकात खिळा घातला.

आल्हाद : हं. काका, फडक्याखाली डोकं घाला. काटे मी जरा फिरवलेत, घड्याळ मीच हातात धरतो. किती वाजले?

फकिरा : खुळ्यागत इचारता. साडेचार.

आल्हाद : नक्की?

फकिरा : लखलखीत दिसतंय. साडेचार! बघ गोजरे, आंधळा म्हणती मला!

आल्हाद : मावशी, आता तुम्ही.

गोजराबाई : मला कुठं घड्याळातलं... थांबा. मोठा काटा सहावर. बारका चाराच्या अंगाला. साडेचारच की.

आल्हाद : आता फडकं काढतो. बघा.

गोजराबाई : अगं बाई. हे तर उलटं धरलंय तुमी.

आल्हाद : सुलटं केलं. किती?

फकिरा : दहा.

आल्हाद : त्या रात्रीही दहाच. पट्ट्याची भोकं सहाच्या बाजूला असतात, त्यांनी टांगलं की सहा वर, बारा खाली. तुम्ही आठाला निजता, दोन तासांत जाग आली. बारा खाचा, सगळ्या सारख्या. दिवसा वर कंपनीचं नाव असतं, त्यावरून वरची बाजू कळते. पण ते नुसतं छापलेलं, अंधारात विझून जातं. तुमच्या जुन्यात बाराला जोडठिपका होता, म्हणून कसंही टांगा, फसवायचं नाही. डोळ्याचा दोष नाही काका.

फकिरा : ऐकलं का? चोर सोडून संन्याशाला फाशी!

गोजराबाई : ऐकलं.

फकिरा : आता बोल की. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो.

गोजराबाई : काय बोलू? टांगलं मी आन् खापर तुमच्या डोळ्यांवर फोडलं.

आल्हाद : असू द्या मावशी. ह्याला बाराच्या खाचेशेजारी वरून एक ठिपका देतो. दोन तऱ्हा एकाच डायलवर, जाणकार नाक मुरडतील. पण फसायचे नाहीत तुम्ही.

फकिरा : द्या. पर बारीक द्या. पोरानं हौसेनं घेतलंय, खोट काढली असं त्याला वाटायला नको. म्या सांगीन त्याला, घड्याळ चांगलं हाय, उलटं टांगलं गेलं. गोजरे, तुझं नाव नाय घेत.

गोजराबाई : का नाय घ्यायचं?

फकिरा : घेऊन काय करू? किल्ली त्यानं घेतली, त्याच्याशी माझं भांडण.

गोजराबाई : त्यानं नाय घेतली.

फकिरा : मंग?

गोजराबाई : आडरातीला हायवेवरून येताना एक ट्रक किती अंगाला घासून गेला, तुमाला ठावं नाय. मला ठावं हाय. मी भ्याले. घरी आल्यावर किल्ली मीच काढून घेतली. तुमी ज्ञानेशवर धावून गेलात, तर त्यानं माझ्याकडं बघितलं आन् खाली मान घातली. माझं नाव नाय सांगितलं पोरानं.

फकिरा : आन् मी त्याच्याशी बोललो नाय.

गोजराबाई : रोज म्हणत व्हते, आज सांगीन. सांगवलं नाय.

फकिरा : पोरगं मुक्यानं भाकरी खाऊन रानात जात व्हतं गं.

आल्हाद : काका, ठिपका वाळायला थोडा वेळ लागेल. चहा सांगू?

फकिरा : सांगा. अन् तुमचा फोन द्या जरा... ज्ञानेश? मी बोलतोय. हां, दादा. काय नाय, सहज. जेवलास का?... बरं. डोळे शाबूत हायेत माझे. घड्याळ बी. तुझी आई सांगंल घरी आल्यावर. ऐक, पहाटं तू पण चल बाजारात. आपण दोघं जाऊ... हां. ठेवतो.

गोजराबाई : काय म्हणला?

फकिरा : काय नाय. किती वाजता उठायचं, इचारत व्हता.

गोजराबाई : मंग, काय सांगितलं?

फकिरा : तू ऐकलंस की, काय नाय सांगितलं. तूच सांग त्याला. चांदणी उगवली की हाक मार आमाला दोघांना.

गोजराबाई : ही घ्या किल्ली. पिशवीत लय जड झाली व्हती.