शनिवारची खोली

ही गेल्यापासून मी बंगळुरातल्या बसवनगुडीच्या बसथांब्यावर उगाच बसून असतो. आज शेजारी एक म्हातारं जोडपं होतं.

"आशयला कळवलंत ना, शनिवारी येतोय म्हणून?"

"सोमवारी या म्हणाला. शनिवार-रविवार शेतावरच्या भाड्याच्या खोल्या शहरातल्या पाहुण्यांनी भरलेल्या असतात."

"मग आपण काय खेड्यातून जातोय?"

"आपण घरचे, हेमलता."

"नोकरी सोडून तिकडे गेला तेव्हा म्हणाला होता, आई-बाबा, तुम्हा दोघांना एक खोली कायमची."

"दिली की गेल्या वेळी. धान्याची."

"मी तक्रार केली का?"

"नाही. थालीपीठं थापलीस. पाहुणे तुला स्वयंपाकाची बाई समजले, आणि आशय शेजारी गप्प उभा."

"ऐकलं मी."

बस आली. बाईंनी पिशवी उचलली.

"त्याला सांगा, शनिवारीच येते. स्वयंपाकाला बाई लागेलच त्याला."