मोटर फिरतेय, पाणी नाही!

वीज होती हो! वीज होती, फ्यूज शाबूत होता, बटणही दाबलेलं होतं... पण जो तो आपला मला पहिल्यांदा हेच विचारणार, 'सर, वीज आहे ना?' अहो, वीज नसती तर मोटर फिरली असती का? परसात विहिरीच्या कठड्याला लागून आमचा तो हिरवा पंप असा घूंऽऽ करून फिरत होता, जणू सगळ्या वस्तीला आंघोळ घालायची जबाबदारी त्याच्यावर आहे, आणि गच्चीवरच्या टाकीत डोकावावं तर... थेंब नाही! मोटर फिरतेय, पाणी नाही!

तुम्हाला सांगतो, हे दुसऱ्या कुणाच्या घरी झालं असतं तर मी सहानुभूती दाखवून घरी आलो असतो, चार सल्लेही दिले असते. पण माझ्या घरी? चौतीस वर्षं मी कॉलेजात पाणी शिकवलं! पाणी का वाहतं, कसं चढतं, कुठे अडतं... पीएच.डी. तर पंपावरच, तीनशे बारा पानं, मागे आलेख वेगळे. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांनी पुढे धरणं बांधली हो! आणि त्या दिवशी विहिरीपाशी उभं राहून मला पहिल्यांदाच त्या धरणांची काळजी वाटली.

बरं, झालं कसं, तर तीन महिने आम्ही नवराबायको मुलाकडे राहायला गेलो होतो. बुधवारी परत आलो. पिशव्या अजून दारातच, तोवर चिरंजिवांचा फोन. आमचे चिरंजीव फार व्यवस्थित. त्यांना इकडे आले की परसात गाडी ठेवायला जागा हवी, आणि जागा कुठे आहे, तर विहीर आहे तिथेच. 'बाबा, प्लीज, भावुक होऊ नका. घरात नळ आहे ना? मग विहीर कशाला? ती बुजवायची. रविवारी सकाळी दहाला मी कंत्राटदाराला घेऊन येतोय, दगडमातीचा ट्रकपण सांगितलाय.' आता मला सांगा, मी भावुक झालो होतो का? मी नुसता 'हॅलो' म्हणालो होतो! पण ट्रक म्हटल्यावर मला राहवेना. मी म्हणालो, अरे, चालती विहीर आहे, रोज टाकी भरते, अशी कशी बुजवायची? तर तो म्हणाला, 'ठीक आहे बाबा. रविवारी मी येईन तेव्हा पाणी देत असेल तर राहू दे. नाहीतर ट्रक रिकामा करायचा. कबूल?' मी अगदी ठसक्यात म्हणालो, कबूल!

आणि मग जाऊन बटण दाबलं.

ही म्हणाली, "अहो, आधी बटण दाबून बघायचं आणि मग शब्द द्यायचा. तुमचं मेलं सगळं उलटंच!" बटण स्वयंपाकघरात, पंप परसात, मी मध्येच, दारात उभा. मोटर फिरतेय, पाणी नाही!

नाही म्हणजे, नळाला पाणी येतं आमच्या. विहीर गेली म्हणून कुणी तहानेनं मरणार नव्हतं, मान्य आहे. पण ती विहीर... आता कसं सांगू तुम्हाला. पंप आमच्या अण्णांनी बसवला. अण्णा म्हणजे माझे वडील. टाइपरायटर दुरुस्त करायचे. शिक्षण सातवी, पण बिघडलेलं मशीन समोर आलं की चष्मा कपाळावर चढवायचे आणि दोन बोटांनी एकेक अक्षर दाबत नुसतं ऐकत बसायचे. 'हे अक्षर रुसलंय,' म्हणायचे. पंपाशीही तसंच. आमच्या पंपाला पहिल्यापासूनच खोड, जरा चार दिवस बंद राहिला की पोटातलं पाणी उतरून जायचं आणि हवा धरायचा. मग वरचं बूच उघडून त्याच्यात पाणी ओतावं लागायचं. भोक हे एवढंसं, म्हणून अण्णांनी त्या कामाला चहाची जुनी किटली ठेवली होती, लांब चोचीची, झाकण हरवलेली. सकाळी ते असे उकिडवे बसून त्या पंपाला किटलीनं पाणी पाजायचे आणि आई आतून विचारायची, "झाला का हो पाहुण्यांचा चहा?" आणि अण्णा तिकडून म्हणायचे, "अजून एक कप मागतायत!" रोज तोच विनोद. वर्षानुवर्षं! आणि रोज दोघंही हसायची हो...

एकदा सुट्टीत घरी आलो होतो. नुकती पीएच.डी. झालेली, नावामागे डॉक्टर लागलेलं, अंगात नुसता दाब भरलेला! अण्णा पाणी पाजत होते, मी शेजारी उभा राहून त्यांना तासभर समजावलं, की अण्णा, पंप पाणी ओढत नाही बरं का, पंप पोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. कोळशानं कठड्यावर आकृतीसुद्धा काढली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे हवाच ढकलते?" मी म्हटलं, हो! "मग ढकलू दे की तिला," म्हणाले, "तू कशाला मध्ये उभा?" आणि बूच लावून टाकलं.

ती आकृती कितीतरी पावसाळे कठड्यावर होती. अण्णा पुसू द्यायचे नाहीत कुणाला.

आता सांगा, त्या विहिरीवर ट्रक रिकामा करायचा?

त्या किटलीनं पाणी पाजून बघितलं, तरी थेंब नाही; म्हणून गुरुवारी सकाळी मी शास्त्रशुद्ध सुरुवात केली. वही काढली. पाणी न येण्याची कारणं लिहून काढली, अठरा निघाली. प्रत्येक कारणापुढे शक्यता लिहिली, टक्क्यांत! एकूण एकशे चाळीस टक्के भरली. पुन्हा बेरीज केली... एकशे साठ. मग वही मिटली, कारण माझा आत्मविश्वास पाण्याच्याही खाली चालला होता. ही म्हणाली, "डॉक्टरांना बोलावते मी." मी म्हटलं, अगं, मला काही झालं नाहीये! तर ही म्हणाली, "तुमच्यासाठी कोण बोलावतंय? पंपासाठी."

आमच्या वस्तीत पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळे 'डॉक्टर' म्हणतात. का, तर तो स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला लावतो आणि मूठ कानाला. मी खरा डॉक्टर, पण निवृत्तीपर्यंत शिपायानंही मला कधी डॉक्टर म्हटलं नाही! असो. डॉक्टर आले, कानाला मूठ लावली, डोळे मिटले. मी कुजबुजत विचारलं, काय वाटतं? तर म्हणाले, "सर, जरा श्वास हळू घ्या, मला तुमचाच ऐकू येतोय."

मग पाइप वर ओढला. विहिरीत सोडलेल्या पाइपच्या तळाला एक झडप असते, पाणी वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. त्या झडपेत एक काडी अडकलेली! ही एवढीशी! किटलीनं भरलेलं पाणी तिथूनच गळून जात होतं. माझ्या अठरा कारणांत काडी नव्हती हो. डॉक्टरांनी झडप साफ केली, पाइप सोडला, सांधे आवळले आणि म्हणाले, "झडप जुनी झालीय, पण काम देईल. सर, आता वरून पाणी भरा, चालू करा आणि चालूच ठेवा. पोटात थोडी हवा राहते, ती काढेल हळूहळू."

मी विचारलं, किती वेळ?

"काढेल की."

म्हणजे साधारण किती सेकंद?

"सर, ते काय सेकंदावर असतं का? तिच्या मनावर असतं!" आणि गेले पुढच्या गल्लीत, दुसऱ्या पेशंटकडे.

आता मला सांगा, मनावर? यंत्राच्या? माझ्या प्रबंधात, पान एकशे त्रेचाळीसवर स्पष्ट लिहिलंय, की पाण्याशिवाय पंप फिरला तर आतलं सील तापतं, जळतं, आणि पंप कायमचा जातो. त्याचा आलेख आहे. तो आलेख मी स्वतः काढलाय! तांबड्या शाईनं! त्यामुळे शुक्रवारपासून आमच्या घरात काय सुरू झालं ते ऐका. मी पंपाशी, किटली घेऊन. ही स्वयंपाकघरात, बटणाशी. मी पाणी भरणार, बूच लावणार, ओरडणार, "चाऽलू!" ही बटण दाबणार. घूंऽऽ. मी मोजणार, एक, दोन, तीन... दहा म्हणता म्हणता मला तो तांबडा आलेख वर चढताना दिसायचा, आणि मी ओरडायचो, "बंऽद!" ही बंद करायची. मग पुन्हा किटली. पुन्हा चालू. पुन्हा बंद. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "कवायत चाललीय का हो?" शुक्रवारी एकोणीस वेळा. शनिवारी दुपारपर्यंत आणखी चौदा. मोटर फिरतेय, पाणी नाही!

शनिवारी चार वाजता मी कठड्यावर बसलो. खरं सांगतो, इतका खचून गेलो होतो... खोटं कशाला बोलू? मला वाटलं, आपल्याला कधी काही येतच नव्हतं. चौतीस वर्षं आपण फळ्यावर पाणी वाहवलं, कारण फळ्यावरची झडप अडकत नाही. जिथे आकृती होती तिथे हात फिरवला. आता काही नाही तिथे, शेवाळ आहे. मनातल्या मनात म्हटलं, अण्णा, तुमचा पंप तुमच्या डॉक्टर मुलाला चालवता आला नाही. उद्या दहाला ट्रक येतोय.

मग म्हटलं, एकदाच. शेवटचं. किटली भरली, ओतली, बूच लावलं, "चाऽलू!" घूंऽऽ. एक, दोन, तीन... दहा. "बंऽद!"

घूंऽऽ चालूच.

"अगं बंऽऽद!" पंधरा झाले. वीस! पंप नुसता थरथरतोय, आत काहीतरी खाकरल्यासारखं होतंय, आणि माझ्या डोळ्यांपुढे पान एकशे त्रेचाळीस! किटलीसकट धावलो मी, चप्पल एक इकडे एक तिकडे, तुळशीच्या... छे, कसल्या तरी कुंडीला ठेचकाळलो, स्वयंपाकघराच्या दारात पोचलो, तर ही बटणाला पाठ करून उभी, कानाशी फोन, पलीकडे तिची धाकटी बहीण! आणि विषय कुठला, तर गुडघे! "नाही गं, चढताना नाही दुखत, उतरताना दुखतो..." मी म्हटलं, अगं, बंद! जळेल! तर हिनं मागे न बघता नुसता हात वर केला. असा. पाच बोटं. थांबा.

तुम्हाला सांगतो, एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्या हाताची आज्ञा मी कधी मोडली नाही. थांबलो. बटण माझ्यापासून दोन हातांवर होतं! पण थांबलो. कॉलेजचं, पीएच.डी.चं, कशाचंच काही चाललं नाही. तिकडे गुडघे चालू, इकडे पंप चालू, आणि मध्ये मी, हातात किटली... किती वेळ गेला कोण जाणे. मोजायचंच राहिलं.

आणि मग आवाज बदलला. घूं होता त्याचा भरल्या गळ्यानं कुणी बोलावं तसा झाला. गच्चीवरून फस्स... फस्स... थड थड... आणि मग टाकीच्या तळावर धो धो धो! मी तिथेच दाराला टेकलो. तो आवाज, सांगतो तुम्हाला, चाळीस वर्षांपूर्वीच्या सकाळचा होता. हा आवाज आला की आई चहा टाकायची, आणि अण्णा पंपाच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ तसेच बसून राहायचे, काही काम नसताना. तेव्हा वाटायचं, हे काय करतात? आता कळलं. ते पंपाला वेळ देत होते.

ही फोनमध्ये म्हणाली, "एक मिनिट हं, पाणी आलं." आणि मला म्हणाली, "काय हो, रडताय?" मी म्हटलं, नाही, किटली गळतेय.

रविवारी दहाला चिरंजीव आले. ट्रक फाटकाशी, कंत्राटदार विहिरीशी. ही आत गेली, बटण दाबलं, आणि आम्ही सगळे उभे. दहा झाले, वीस झाले... मी हात मागे बांधून, ओठ घट्ट मिटून उभा होतो हो, तसा व्हायव्हालासुद्धा उभा नव्हतो! आणि आलं. ट्रक भरलेलाच परत गेला. चिरंजिवांनी गाडी रस्त्यावर लावली, वर जाऊन टाकी बघितली, खाली आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मानलं बाबा! शेवटी तुमचंच ज्ञान कामाला आलं. काय केलंत नक्की?"

मी घसा खाकरला. हवेचा दाब, पोकळी, सगळं ओळीनं मनात लावलं, तोंड उघडलं...

आणि ही आतून म्हणाली, "काही केलं नाही त्यांनी. म्हणून तर आलं!"

काय सांगू तुम्हाला... तीनशे बारा पानांत मला हे एवढं नेमकं लिहिता आलं नव्हतं.